हातचं राखून ठेवू काय, ताई?

या खेपेचं पत्र (लांब होतं, थोडं कापलंय):

"ताई, मी बेळगावच्या उद्यमबागेत एका जॉबवर्कच्या शॉपमध्ये सीएनसी सेटर (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन कामाला लावून देणारा) आहे, 9 वर्षं झाली. सुपरवायझर वगैरे काय नाही. दोन वर्षांमागं आयटीआय करून आलेल्या एका पोराला मी शून्यापासून शिकवलं, टूल बदलणं, ऑफसेट (टूल किती सरकवायचं तो आकडा), प्रोग्राम एडिट, सगळं. सहा महिन्यांमागं तो हत्तरगीकडं विमानाच्या पार्टच्या कंपनीत गेला, माझ्यापेक्षा जास्त पगारावर. जाताना पेढे देऊन गेला. आता बैलहोंगलकडचा दुसरा एक आलाय, ऑपरेटर, चांगला हाय पोरगा, दिवसभर अण्णा हे असं का, अण्णा ते तसं का. बाजूच्या मशीनवरचा माझा दोस्त म्हणतो वस्ताद पण एक डाव राखून ठेवतो, तू पण हातचं राखून ठेव, नाहीतर उद्या तुझ्याच जागेवर त्याला बसवतील. मालकांनी मला शिकव म्हणून कधी सांगितलेलं पण नाही. आणि खरं सांगू काय, गेल्या वर्षी गावच्या लक्ष्मीच्या जत्रेला रजा टाकली तर दुपारपर्यंत शॉपमधनं चार फोन. मी शिकवू काय नको? शिकवून मला काय मिळणार? — एक सेटर, मच्छे"

अरे बाळा, तुला अरेतुरे करणार हां, राग मानू नको, माझा भाचा तुझ्याच वयाचा आणि तिसऱ्या गेटाच्या पलीकडं असल्याच एका शॉपमध्ये हाय, पत्र वाचताना सारखा त्याचाच आवाज ऐकू यायला. मी स्वतः 24 वर्षं क्वालिटीत काढली, हायड्रॉलिकच्या व्हॉल्व्ह बॉडी तपासत, म्हणजे तुझ्यासारख्या सेटरांनी काढलेल्या पीसवर नापासाचा लाल टॅग बांधायचं काम माझं. त्यामुळं थोडं वाकडं बोलायची सवय हाय.

तर ते पेढे. तुझ्या सगळ्या पत्रात मला ते पेढेच टोचले बघ, कारण तुला पण तेच टोचलेत. पोरगा गेला याचं तुला दुःख नाही, तो तुझ्याहून जास्त पगारावर गेला आणि वर हसत पेढा हातावर ठेवला याचं हाय, आणि ते साहजिक हाय की, त्यात लाजायचं काय. पण तुझा पगार तुझ्या मालकानं वाढवला नाही, त्या पोरानं नाही कमी केला. मालकाकडची उधारी तू आता बैलहोंगलच्या पोराकडनं वसूल करायला निघालायस. हे दोन हिशेब वेगळ्या वह्यांत लिही. पगाराचं मी खाली सांगते, ते सोडून देणार नाही.

आता तुझा दोस्त. तो अगदीच चुकीचं बोलत नाही, हे पहिलं कबूल करते. मी असे शॉप बघितलेत जिथं जुन्या माणसाकडनं सगळं काढून घेतलं आणि मग स्वस्तातला माणूस उभा केला, होतं असं. पण त्याची ती वस्तादाची गोष्ट इथं बसत नाही. वस्ताद डाव राखून ठेवत होता कारण चेला उद्या त्याच्याच अंगावर येईल ही भीती, आखाड्यात एकच जण वर राहतो. तू आणि तो पोरगा समोरासमोर कुठं आहात? तो सकाळी सहा ते दोन करणार आणि दोनला तू येऊन त्याच मशीनवर उभा राहणार. त्यानं इन्सर्ट (टूलची कापणारी टिप) झिजलेला ओळखला नाही, बोअर (पीसमधलं भोक) टेपर, म्हणजे निमुळता, जायला लागला ते बघितलं नाही, तर दोन वाजता ट्रेमधले सगळे पीस परत मोजत कोण बसणार? तूच की. राखलेला डाव स्वतःवरच पडतो तो असा, शिफ्ट बदलताना.

आणि हातचं म्हणशील तर शाळेत बेरीज कशी शिकलास आठव. सात आणि आठ पंधरा, पाच खाली, हातचा एक. तो हातचा पुढच्या घरात द्यायचाच असतो, दिला नाही तर गुरुजी बेरीज खोडत होते.

जत्रेचं तू असंच जाता जाता लिहिलंयस, मला वाटतं तुझ्या पत्रातली खरी गोष्ट तीच हाय. ते चार फोन कशाला आले सांग? कारण जे राखलंयस ते फक्त तुझ्या डोक्यात हाय, आणि डोकं तुझ्याबरोबर जत्रेला गेलं. माझं पण असंच होतं, म्हणून कळतंय. आमच्याकडं गेजचं कॅलिब्रेशन (मोजायची साधनं बरोबर दाखवतात काय ते तपासणं), कुठल्या कस्टमरला कुठला रिपोर्ट कसा लागतो, कुठल्या ड्रॉइंगवर कुठली टीप कायम चुकते, हे सगळं मी एका डायरीत माझ्याच खुणांनी लिहीत होते, दुसऱ्याला कळू नये असंच, खोटं कशाला बोलू. फार मोठं वाटायचं, ताईंशिवाय ऑडिट होत नाही म्हणायचे लोक. मग आई आजारी पडली, अकरा दिवस दवाखान्यात, आणि मी आयसीयूच्या बाहेर बाकड्यावर बसून फोनवर सांगायले, तिसऱ्या कपाटात, नाही रे खालचा कप्पा, निळी फाइल, नाही ती नाही. नर्सनं दोनदा बाहेर काढलं मला. परत कामावर गेल्यावर पहिल्या आठवड्यात ती डायरी दुसऱ्या पोरीला शिकवायला घेतली, आणि तिनं काय केलं माहितीय, माझ्या चार वर्षांच्या डायरीत दोन चुका काढल्या. वाईट वाटलं होतं. दोन्ही खऱ्या होत्या.

तर होय, शिकव. पण कसं शिकवायचं ते बघू, कारण मला शंका हाय की पहिल्या पोराला तू सांगितलंयस भरपूर आणि सोडलंयस कमी. आपल्याकडं शिकवणं म्हणजे काय, आपण बटणं दाबायची, तो मागं उभा राहून बघणार, मधीमधी समजलं काय विचारायचं, तो मान हलवणार. त्यानं काय होत नाही. हात त्याचा लागायला पाहिजे आणि तुझा खिशात पाहिजे, आणि हे फार अवघड असतं, तो चुकीच्या बटणाकडं बोट न्यायला लागला की आपली जीभ वळवळते.

म्हणून चूक झाली तरी परवडेल असं काम पहिल्यांदा दे. तुमच्याकडं बोअरचं काम असणारच, समजा 32 एच7, म्हणजे 32 मिलिमीटरच्या वर शून्य ते 25 मायक्रॉन एवढीच सूट, आपला केस साधारण 70 मायक्रॉनचा असतो त्यावरनं बघ. बोअर लहान आला तर परत कट मारता येतो, मोठा झाला तर पीस गेला, लोखंड परत चिकटवता येत नाही. हे तुला झोपेत पण माहितीय, पण त्याला नुसतं "ऑफसेट बघून टाक" म्हटलं आणि त्यानं 0.01 च्या जागी 0.1 दाबलं की झाली भंगारची भर, आणि पोरगा पुढचे तीन महिने मशीनवरच्या ऑफसेटच्या पानाला हात लावायचा नाही. त्यापेक्षा मुद्दाम वेअर ऑफसेटमध्ये (टूल झिजेल तसा बदलायचा आकडा) मायनस 0.2 टाकून पहिला पीस लहानच काढायला लाव. मग तोच बोअर गेज (भोक मोजायचं साधन) मास्टर रिंगवर (नेमक्या मापाची रिंग) सेट करणार, तोच मोजणार, किती टाकायचं ते तोच कागदावर लिहिणार, तू फक्त कागद बघायचा. बरोबर असेल तर मान हलव. चूक असेल तर "परत मोज" एवढंच, आकडा सांगू नको. आणि टाकायचं एकदम नाही, थोडं आधीच थांबून दुसरा कट, असं दोनतीनदा. पहिल्या दिवशी वीस मिनिटं जास्त जातील, जाऊ देत. मात्र मालकाला आधीच सांगून ठेव की आज सेटिंगला वेळ लागणार, नाहीतर ते काचेच्या केबिनमधनं बघत बसतात आणि पोराचा हात थरथरतो.

दुसरं म्हणजे जे तू कधी कुणाला सांगितलेलंच नाहीस ते. तुला वाटतं हे काय सांगायचं, सगळ्यांना माहीत असतंय. नसतंय! उदाहरण देते, चहानंतरचा पहिला पीस. आमच्या एका सेटरचं बघत होते मी, चहाहून आला की पहिला पीस नेहमी स्वतः मोजायचा, कुणी सांगितलेलं नाही, फॉर्मवर नाही. विचारलं तर म्हणाला असंच. असंच नव्हतं ते, पंधरा मिनिटं मशीन थांबलं की स्पिंडल, स्क्रू गार होतात, साइज थोडी सरकते, आणि सकाळच्या पहिल्या तासात तर अजून जास्त. त्याच्या हाताला हे ठाऊक होतं, तोंडाला नव्हतं. तुझ्या पण असल्या दहाबारा गोष्टी असणार, इन्सर्टचा आवाज कधी बदलतो, चिप निळी व्हायला लागली की काय समजायचं, कुठल्या फौंड्रीच्या कास्टिंगला वाळू जास्त चिकटलेली असते आणि टिप लवकर जाते. एक आठवडा वही खिशात ठेव आणि जे जे "असंच" करतोस ते लिहून काढ, आणि प्रत्येकासमोर का ते लिही. का लिहिता आलं नाही तर त्या पोरालाच विचार, तो तर दिवसभर का का करत असतोच, त्याला तू किरकिर समजायलास पण त्याच्यामुळं तुझं फुकटात पक्कं व्हायलंय.

यातलं माझं काय नाही हां. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत जुने कारागीर सैन्यात गेले आणि कारखान्यांत सगळे नवखे, बायका, शेतावरचे लोक, त्यांना पटकन शिकवायला तिकडच्या सरकारनं 1940 ते 1945 टीडब्ल्यूआय (ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री) नावाचा कार्यक्रम चालवला. मुकादम लोकांना खिशात ठेवायला एक कार्ड द्यायचे, शिकवायच्या चार पायऱ्या त्यावर: माणसाला तयार कर, काम करून दाखव, त्याच्याकडनं करून घे, नंतर लक्ष ठेव. करून दाखवताना नाजूक जागा कुठल्या आणि त्या का नाजूक हे सांगायचं, आणि त्याच्याकडनं करून घेताना त्याच्याच तोंडनं हे सगळं वदवून घ्यायचं. कार्डावर असं पण होतं की कामगार शिकला नसेल तर शिकवणाऱ्यानं शिकवलेलं नाही. युद्धानंतर हे जपानला गेलं, टोयोटानं धरून ठेवलं, आणि आता तेच फिरून आपल्याकडं ऑडिटरच्या तोंडनं येतंय, नवीन असल्यासारखं.

तोंडनं वदवून घेणं आपल्या भागात तर डबल महत्त्वाचं, कारण आपण अर्धं मराठी अर्धं कानडी बोलतो आणि दोघांना वाटतं समजलं. एक सांगते, जुनी गोष्ट हाय, साधा लेथ, हातानं आवळायचा चक (जॉब, म्हणजे कापायचा पीस, धरणारा जबडा). सेटर गोकाककडचा, हेल्पर आपला खानापूरचा नवा पोरगा. सेटरनं जॉब लावला, चकची की (आवळायची किल्ली) ठेवली, आणि दुसऱ्या मशीनकडं जाता जाता ओरडला, "बिगी माडो!" आता कानडीत बिगी म्हणजे घट्ट, आवळ. आमच्या खानापूरच्या पोराला त्याच्या आजीनं जन्मभर "बिगी बिगी चल" म्हटलेलं, त्याला वाटलं लवकर कर म्हणायलाय. की काढली आणि दिलं चालू करून. जॉब उडाला तो सरळ मागच्या पत्र्यावर, पत्र्याला हा एवढा पोचा, कुणाला लागलं नाही ही देवाची कृपा. दोघं एकमेकांवर ओरडायले, एक कानडीत एक मराठीत, आणि दोघं पण खरंच बोलायले! त्या दिवसापासनं आमच्याकडं नियम झाला, काय करणार ते आधी तू सांग, मग हात लाव.

तर तुझ्या बैलहोंगलच्या पोराकडनं सेटअप शीट (मशीन कसं लावायचं याचा कागद) लिहून घे. तू मराठीत सांग, त्याला कानडीत लिहू दे, मग त्यानं तुला वाचून दाखवायचं. त्यात तुझं कानडी पण सुधारेल, आणि खरं सांगते, तुम्ही पोरं चौकातल्या पाटीवरनं जेवढं भांडता त्याच्या निम्मा वेळ जरी एकमेकांची अक्षरं शिकण्यात घातला तर... जाऊ दे, तो विषय काढला की मला दोन्हीकडनं पत्रं येतात. शीट मशीनच्या दारावर लाव, दोन्ही भाषांत, खाली त्याचं नाव लिही. तुझं नको, त्याचंच लिही. बघ त्यानं काय फरक पडतो.

आणि चुकेल तेव्हा, चुकणारच, सगळ्यांसमोर बोलू नको. मालक आले आणि विचारलं कुणी केलं तर "आम्ही सेटिंग करत होतो, एक पीस गेला" म्हणायचं. आम्ही. हा एक शब्द त्या पोराला दहा वर्षं आठवेल. पण तीच चूक तिसऱ्यांदा केली तर बाजूला घेऊन चांगला झाड, तेवढा हक्क हाय तुला.

तू म्हणतोस सुपरवायझर नाही. बरं. मग शॉपमध्ये मशीन अडलं की पोरं कुणाकडं बघतात? खुर्चीवर बसलेल्याकडं? तुझ्याच पत्रात हाय, अण्णा हे का, अण्णा ते का. अण्णा म्हणायला त्याला मालकांनी सांगितलेलं नाही. आमच्याकडं सुपरवायझर दर दोन वर्षांनी बदलायचे, नाव आठवत नाहीत मला, पण ज्या म्हाताऱ्या फिटरनं मला मायक्रोमीटर कसा धरायचा दाखवलं, बोटांनी, रॅचेट तीनदा टक टक टक, त्याचा हात मला आजपण दिसतो.

फक्त एक बघ, त्याला काय पाहिजे ते विचारलंयस काय? सगळ्यांना सेटर व्हायचं नसतं. एखाद्याला इन्स्पेक्शन आवडतं, एखाद्याला प्रोग्रामिंग, एखाद्याला फक्त वेळेवर घरी जायचं असतं आणि ते पण ठीक हाय. शिकायचं नसेल त्याच्या मागं लागू नको. आणि शिफ्ट संपल्यावर फुकटात थांबून शिकवू नको, आठवड्यातनं एखाद दिवस ठीक, रोजचं नको, नाहीतर घरातनं बोलणी खाशील आणि मालकाला ती सवय होईल.

आता पगार. तुमच्या शॉपला आयएसओ 9001 (क्वालिटीच्या पद्धतीचं सर्टिफिकेट) असणार, उद्यमबागेत मोठ्या कस्टमरचं काम करायचं तर त्याच्याशिवाय कोण उभं करत नाही. त्याच्या 2015 च्या आवृत्तीत 7.2 म्हणून कलम हाय, कामगाराला काम येतंय याचा पुरावा ठेवा. आणि 7.1.6, कंपनीचं ज्ञान जपा, म्हणजे एका माणसाबरोबर निघून जाऊ देऊ नका. तुमच्या ऑफिसच्या भिंतीवर स्किल मॅट्रिक्स पण असेल, ते चार भागांचे गोल, पाव भरला म्हणजे शिकतोय, पूर्ण भरला म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. बहुतेक ठिकाणी तो तक्ता ऑडिटच्या आदल्या रात्री कुणीतरी अंदाजानं रंगवतं, मी स्वतः रंगवलाय. तू काय कर, जाऊन बघ तुझा गोल किती भरलाय. पूर्ण नसेल तर पूर्ण करून घे. मग शिकवायला घेतलंस की तारीख लिही, काय शिकवलं, कुठल्या दिवसापासून त्यानं एकट्यानं सेटिंग केलं, आधी सेटिंगला किती वेळ लागायचा आणि आता किती, महिन्याचं रिजेक्शन आधी किती आणि आता किती. तीनचार महिन्यांची ही वही घेऊन मालकांकडं जा, दिवाळीच्या बोनसच्या गर्दीत नको, जरा आधी, आणि सरळ म्हण की हे काम मी करतोय, याचं पद द्या आणि पैसे द्या. रडक्या तोंडानं नको, आणि त्या हत्तरगीच्या पोराचं नाव मधी आणू नको. नुसतं "बघू" म्हणाले तर तारीख विचार. दुसऱ्यांदा पण "बघूच" आलं तर तुला पण हत्तरगीचा रस्ता माहितीय, हायवेवरच हाय, आणि तिकडं मुलाखतीत किती माणसं तयार केली हे विचारतात तेव्हा ती वही कामाला येते.

तुझ्या दोस्ताच्या भीतीला पण माझं उत्तर हेच, वही तुझ्याकडं ठेव, कॉपी द्यायची. आणि तू स्वतः काय नवीन शिकायलास ते बघ, 9 वर्षं त्याच तीन मशीनवर असशील तर काळजी त्या पोराची नको, ती कर. व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं मिलिंग मशीन) येतंय काय तुला? फोर्थ ॲक्सिस (जॉब फिरवणारा चौथा अक्ष)? पोरगा सेटिंग सांभाळायला लागला की तुला तिकडं जायला वेळ मिळणार, आत्ता तर तुला चहाला पण सुट्टी नाही.

आणि शेवटचं, त्या पेढेवाल्याला फोन लाव. सहा महिन्यांत केला नसशील, खात्री हाय मला. तो पेढे घेऊन तुझ्याकडं आला होता बाळा, मालकाच्या केबिनमध्ये नव्हता गेला. तिकडं टायटॅनियम, इनकोनेल (निकेलचा मिश्रधातू) असलं कायकाय कापतात म्हणे, आपल्या कास्टिंगसारखं नाही ते, विचार त्याला स्पीड किती ठेवतात, इन्सर्ट कुठला, कूलंट कसलं. आता त्याला सांगू दे आणि तू का का कर. कळलं की मला पण लिही, मी 24 वर्षांत इनकोनेलचा एक पीस हातात घेतला नाही.